झग्याखालचे पाय

वितांजेला आता नाही, तिचा भाऊ कताल्दोही नाही. चर्चच्या मिरवणूक मंडळाचे तेव्हाचे प्रमुख पांतालेओ रोमला मुलीकडे राहायला गेले आहेत आणि परत येण्याची लक्षणे नाहीत. तेव्हा हे लिहायला आता हरकत नसावी.

आमच्या गल्लीत वितांजेलाला सगळे ‘झगेवाली’ म्हणत. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत मंडळाचे पुरुष, बरेचसे अनवाणी, पांढरे झगे घालतात आणि डोळ्यांपुरती दोन भोके ठेवलेली खोळ डोक्यावरून हनुवटीखाली ओढून घेतात. ते सगळे धुणे, खळ घालणे, इस्त्री करणे तिच्याकडे होते. आधी तिची आई करायची. तरुणपणी ती बारी शहरात एका मोठ्या कापडाच्या दुकानात विक्रेती होती. तिथे दिवसभर टोकदार, उंच टाचांच्या बुटांत उभे राहावे लागे. आई थकली तशी परत आली, ती कायमची. लग्न केले नाही. मी एकदा विचारले तर म्हणाली, “गावातल्या एवढ्या पुरुषांचे कपडे धुते, त्यात आणखी एकाचे कशाला?”

अंगाने उंच, थेट भावाइतकी. बोलणे कमी आणि जे असेल ते तिरके. मिरवणुकीत बायकांना झगा नाही. बायका काळे कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन मागून चालतात. वितांजेला त्यांच्यातही जात नसे. आपल्या दारात उभी राहून कुणाच्या झग्याला सुरकुती पडली आहे ते बघे, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला ऐकवे, “ख्रिस्ताच्या मागून चालत होतास की गाढवावरून पडला होतास?”

कताल्दो सुतार. त्याची बायको रोझिना लग्नानंतर थोड्याच वर्षांत आजारी पडली, तेव्हा त्याने नवस केला होता की ही वाचली तर जिवंत असेपर्यंत दर गुड फ्रायडेला अनवाणी चालेन. ती वाचली नाही. तरी हा चालत राहिला. वितांजेला म्हणे, “देवानं आपलं पाळलं नाही, हा आपलं पाळतो. सुतार ना, एकदा घेतलेलं माप बदलत नाही.” रोझिनाला मंडळाच्या दफनघरात ठेवले होते आणि तिच्या शेजारचा शवपेटी ठेवायचा कोनाडा कताल्दोच्या नावाने मोकळा होता. पण ती जागा मंडळातल्या माणसाची. ज्याच्या नावाचा झगा, त्यानेच तो घालायचा, असा नियम आहे. दुसऱ्याला दिला तर मंडळातून नाव काढतात आणि नावाबरोबर कोनाडाही जातो.

त्या वर्षी हिवाळ्यात कताल्दोच्या डाव्या अंगावरून वारे गेले. गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, पाम संडेला, त्याला चर्चच्या पायऱ्या चढता आल्या नाहीत. आणि शुक्रवारी तो चालला. सगळ्या गावाने पाहिले, त्याच्या जागी, त्याच्या झग्यात, अनवाणी. लोक म्हणाले, नवसाचे बळ. मीही म्हणाले.

आमच्या घराच्या तळमजल्यावरची खोली मी तेव्हा कला-विद्यालयातल्या दोन विद्यार्थ्यांना दिली होती. इलेनिया डोंगराकडच्या गावातली, चित्रकाम शिकणारी. सावेरिओ फोज्जाकडचा, तो चित्रफिती जोडायचे काम शिकत होता. आमच्या बँडचे माएस्त्रो, म्हणजे संचालक, गुड फ्रायडेच्या शोकगतींचा अल्बम काढणार होते. त्याचे कव्हर करायचे आणि एका गतीची चित्रफीत तयार करायची, हे काम विद्यालयाने या दोघांना परीक्षेसाठी दिले होते. मिरवणुकीत दोघे कॅमेरा घेऊन फिरत होते ते मी पाहिले होते. सावेरिओ तर रस्त्यावर पालथा पडला होता. मला वाटले, चक्कर आली.

ईस्टर झाले आणि खालच्या खोलीच्या खिडक्या दिवसाही बंद राहू लागल्या. आतून एकच ढोल. धम्म, थांबे, पुन्हा तोच धम्म. पुढचा सूर येतो न येतो तोच मागे. देवाची गत अशी कापून कापून वाजवतात, हे मला बरे वाटेना. शिवाय दोघे मध्येच हसायचे. शोकगतीत हसण्यासारखे काय असते? आम्हाला नन्सनी शिकवले होते की बंद दारामागचे हसू ऐकले की दार वाजवावे. मी गरम फोकाच्चा पाव ताटलीत घेतला आणि वाजवले.

“या ना, सिन्योरा!” इलेनिया म्हणाली. “बघा तरी आमचा उद्योग.”

पडद्यावर पाय होते. दुसरे काही नाही. पांढऱ्या झग्याची किनार, काळा ओला दगड, आणि दोन अनवाणी पाय. सावेरिओने कळ दाबली. ढोल वाजला आणि बरोबर त्या ठोक्याला पाय दगडावर टेकला. अंग झुलले, दुसरा ठोका, दुसरा पाय.

“सगळ्या मिरवणुकीत हा एकच माणूस ठोक्यावर चालतोय,” सावेरिओ तोंडात फोकाच्चा घेऊन म्हणाला. “बाकीचे आपले बाजाराला निघाल्यासारखे.”

“कोण आहे हा?” मी विचारले.

“कुणास ठाऊक! सगळे सारखेच की. म्हणून तर पाय घेतले. चेहरा नाही, नाव नाही, कुणाला त्रास नाही. कव्हरवरही हेच घेतोय.”

दोघेही बाहेरगावचे. त्यांना कुणी सांगितलेले नव्हते की आमच्याकडे खोळ चेहऱ्याला असते, पायांना नसते. मिरवणूक जाते तेव्हा रस्त्याकडेची प्रत्येक बाई खाली बघत असते. आई मुलाला, बायको नवऱ्याला पायांवरून हुडकते आणि सापडला की मनातल्या मनात एक ‘आवे मारिया’ प्रार्थना म्हणते.

मी पडद्याकडे बघत राहिले. अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा मोठा उंचवटा, अंगठा शेजारच्या बोटावर कललेला. पुरुषाचा पाय असा होत नाही. टोकदार बुटांत वर्षे काढलेल्या बाईचा होतो. आणि हा पाय मी रोज बघत होते. हात लांबवला तर लागेल अशा समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना वितांजेला चपला काढून ठेवे.

तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या शुक्रवारी ती दारात नव्हती. कताल्दोचे पाय शोधणारी गावात तीच एक होती, म्हणून बाकी कुणी त्याच्या पायांकडे नीट पाहिलेच नव्हते.

मी रिकामी ताटली घेऊन वर आले. पण संशय एकदा घरात शिरला की सगळ्या खुर्च्यांवर बसून बघतो. या मुलांना खरेच माहीत नाही, की माहीत असून मजा करतात? मघाचे हसू कशाचे होते? दुसऱ्या दिवशी मी गच्चीवरून वितांजेलाला हाक मारली आणि नुसते म्हणाले, “खालची मुलं मिरवणुकीचं कव्हर करतायत. पाय घेतलेत त्यांनी.”

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. तिने तो उचलला, चादरीला लावला. “घेऊ देत,” म्हणाली, आणि आत गेली.

माएस्त्रोंना कव्हर इतके आवडले की त्यांनी त्याचा नमुना बेकरीत काचेवर लावला, लोकांची मते यावीत म्हणून. मते आली. बेकरीवाली कोन्सीलिया पाव बांधता बांधता प्रत्येकीला विचारू लागली, “हे पाय कुणाचे गं?”

“माझ्या नवऱ्याचे नाहीत. त्याला एवढे स्वच्छ कुठले!”

“हा अंगठा बघ. पुरुषाचा वाटतो तुला?”

“बाई चालली म्हणतेस? झगा घालून?”

“मी काही म्हणत नाही. मी फक्त पाव विकते.”

दोन दिवसांत गोष्ट पांतालेओंच्या बायकोकडे पोचली आणि तिच्याकडून त्यांच्याकडे. पांतालेओंचे खिळे-पत्र्याचे दुकान होते. मंडळ त्यांच्या वडिलांनी सांभाळलेले, तेव्हा ते आपलेच, असे त्यांना वाटे. बेकरीत जाऊन नमुना बघणे त्यांना कमीपणाचे वाटले. त्यांनी माएस्त्रोंना निरोप पाठवला की रविवारी चर्चच्या सभागृहात कव्हर आणि चित्रफीत सगळ्यांसमोर दाखवावी, मंडळाने मान्यता दिल्याशिवाय काही छापायचे नाही. आणि पाय बाईचे दिसले, तर मंडळातल्या एकेकाला बूट काढायला लावीन.

पण रविवारपर्यंत थांबणे त्यांच्याने होईना. मी कताल्दोसाठी कोंबडीचे सूप घेऊन गेले होते, तेव्हा ते आले. कताल्दो पलंगावर, मानेपर्यंत पांघरूण. वितांजेला खिडकीशी इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही.

“काय कताल्दो,” पांतालेओ खुर्ची ओढून म्हणाले, “शुक्रवारी कमाल केलीस. मी सगळ्यांना सांगतो, असा पुरुष पाहिला नाही.”

“हं,” कताल्दो म्हणाला. त्याचे तोंडही एका बाजूला ओढले होते.

“पाम संडेला पायऱ्या चढवेनात, आणि शुक्रवारी सगळ्या गावाला फेरी. पाय कसे आहेत?”

“थंड.”

“सोलवटले असतील. दगड वाईट आहेत यंदा. बघू?”

“खोळीखाली कोण ते विचारायचं नसतं,” कताल्दो सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाला. “तुमच्या वडिलांनी शिकवलंय मला.”

“ते रस्त्यावर. आता चित्र छापायचंय.” पांतालेओंनी पांघरुणाच्या टोकाला हात घातला.

वितांजेला इस्त्री हातात धरूनच पलंगाशी आली. “प्रमुख, आजारी माणसाचं पांघरूण डॉक्टर काढतो नाहीतर मरण. तुम्ही कोण म्हणून आलात?”

पांतालेओंनी हात मागे घेतला. इस्त्रीकडे बघितले, माझ्याकडे बघितले. “सिन्योरा, तुम्ही समोरच राहता. तुम्ही काही पाहिलंत?”

“माझी नजर आता लांबचं धरत नाही,” मी म्हणाले. हे खरे होते. जवळचे मला अजून चांगले दिसे.

“रविवारी बघू,” ते म्हणाले आणि गेले.

दार लागल्यावर कताल्दो बहिणीला म्हणाला, “सांगून टाक. कोनाड्याचं काय, मेल्यावर कुठंही टाका मला.”

“गप,” वितांजेला म्हणाली. “रोझिना इतकी वर्षं एकटी पडलीय तिथं. माझ्या अंगठ्यापायी तिला कायमची एकटी ठेवू? नवस तुझा, झगा तुझा. झगा चालला, संपलं.” मग माझ्याकडे वळून, जणू मला सगळे आधीपासून ठाऊकच होते अशा आवाजात म्हणाली, “हा रांगत निघाला असता. त्याला कपाटात कोंडायचं तेवढं राहिलं होतं. शेवटी म्हटलं, दे तो झगा.”

संध्याकाळी ती माझ्याबरोबर तळमजल्यावर आली. मी तिला मुलांची ओळख करून दिली. ती खुर्चीवर बसली नाही.

“पोरी, ते कव्हर बदल. आणि तो तुकडा फितीतून काढ.”

इलेनियाने सावेरिओकडे पाहिले. “का? माएस्त्रोंना तर आवडलंय.”

“मला आवडलेलं नाही.”

“सॉरी, पण तुमचा काय संबंध?” सावेरिओ म्हणाला. “आम्हाला आधीच बेकरीवाली छळतेय, मंडळवाले छळतायत. प्रत्येकजण येतो, कारण काही सांगत नाही. काय आहे काय त्या पायांत? हा तुकडा काढला तर अख्खी फीत लंगडी होईल. ठोक्यावर पडणारं दुसरं पाऊल माझ्याकडं नाही!”

“फीत लंगडी झाली तर परीक्षा जाईल,” इलेनिया म्हणाली. “आणि मग लोक म्हणतील, नक्की काहीतरी लपवलं. तुम्हाला कुणी पाठवलंय का?”

वितांजेला भिंतीकडे सरकली. मग भिंतीला हात टेकून तिने उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला, आणि पाय फरशीवर ठेवला.

पडद्यावर तोच पाय थांबलेला होता. सावेरिओने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले आणि चघळत असलेला घास गिळला.

“अरे देवा,” तो म्हणाला. “म्हणजे माझा एकुलता एक चालणारा माणूस…”

“कुणाला कळलं तर काय होईल?” इलेनियाने हळूच विचारले.

वितांजेलाने दोन वाक्यांत सांगितले. कोनाडा, रोझिना. मोजा चढवला, बुटाची नाडी बांधली. “आता तुमच्या हातात आहे,” एवढेच म्हणून निघून गेली. मला वाटले, थांबून मुलांना दम द्यावा, शपथ घ्यायला लावावी. पण मुलांवर तरी माझा विश्वास कुठे होता? शपथ घेऊन लोक काय करतात ते मी पाहिलेले आहे. शनिवारी खिडकी पूर्ण बंद होती आणि ढोल सारखा चालू होता. मी दोनदा दार वाजवले. दोन्ही वेळा आतून उत्तर आले, “उद्या, सिन्योरा!”

रविवारी दुपारी सभागृह भरले. पुढच्या रांगेत मंडळाचे लोक, मध्ये पांतालेओ आणि त्यांची बायको. वितांजेला त्यांच्या मागच्याच रांगेत माझ्या शेजारी बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून. दिवे गेले, फीत सुरू झाली. समुद्र, चर्चचे दार, खोळींची रांग, तुताऱ्यांवरचे हात. मग ढोल, आणि पडद्यावर मोठेच्या मोठे पाय.

ते वितांजेलाचे नव्हते. रुंद, केसाळ, पक्के पुरुषाचे पाय. पाऊल ठोक्याच्या जरा मागून पडत होते, आणि ते लपवायला मुलांनी मध्येच मेणबत्तीची ज्योत दाखवली होती. शेवटी कव्हर आले. तेच पाय, तोच दगड.

वितांजेलाचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. माझा मात्र अडकला, कारण डाव्या अंगठ्याचे नख काळे, दुभंगलेले होते. ते नख गावात कुणाचे ते मला माहीत होते. मूर्तीचा चौरंग पायावर पडला तेव्हा पांतालेओ भर चौकात जे ओरडले होते, ते मी तेव्हा डायरीतही लिहू शकले नव्हते.

दिवे लागले. कोन्सीलिया उभी राहिली. “हे ते पाय नव्हेत! माझ्या काचेवर वेगळे होते.”

“तो कच्चा नमुना होता,” इलेनिया म्हणाली. “उजेड नीट पडला नव्हता.”

“कच्च्यात बाईचे आणि पक्क्यात पुरुषाचे? असा कसला गं उजेड?”

“मला तर हेही बाईचेच वाटतात,” मागून कुणीतरी म्हणाले आणि चार जण हसले. “फुगलेत कसे बघ. पाव खाऊन खाऊन.”

मी पांतालेओंच्या मानेकडे बघत होते. ती कॉलरपासून वर तांबडी होत गेली. त्यांची बायको आधी पडद्याकडे बघत होती, मग सावकाश खाली नवऱ्याच्या बुटांकडे बघू लागली. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“पुरे!” ते उठले. “हे चर्च आहे की मासळीबाजार? खोळ घातल्यावर माणसाला नाव नसतं. कुणाचे पाय, बाईचे की पुरुषाचे, हे विचारणंच पाप आहे!”

“पण प्रमुख,” कोन्सीलिया म्हणाली, “बूट तर तुम्हीच काढायला लावणार होतात!”

“कुणी बूट काढणार नाही! कव्हर उत्तम आहे. छापा. आणि ज्याला पायांवर बोलायचंय त्यानं पुढच्या वर्षी स्वतः अनवाणी चालून दाखवावं.”

बाहेर पायऱ्यांवर मी इलेनियाला गाठले. “ते पाय कुणाचे, माहीत होतं तुला?”

“त्यातल्या त्यात बरे होते, सिन्योरा,” ती म्हणाली. चेहरा अगदी सरळ. मला ते आजपर्यंत कळलेले नाही. सावेरिओला मी विचारले नाही, कारण तो हसला असता आणि मला त्यावरून काहीच ठरवता आले नसते.

वितांजेलाचा संशय मात्र गेला नव्हता. सभागृहातून ती घरी न जाता थेट तळमजल्यावर गेली. मीही मागोमाग गेले.

“त्या यंत्रात माझा तुकडा अजून आहे ना?”

“आहे,” सावेरिओ म्हणाला. “पण कुणाला दाखवणार नाही. खरंच. ठेवू का? एवढं चांगलं पाऊल पुन्हा मिळणार नाही मला.”

“माणूस मरतो, यंत्र मरत नाही. उद्या तुझं यंत्र कुणाच्या हाती पडेल, तुला काय माहीत? पूस.”

तो कळ दाबायला गेला, तेवढ्यात तिने त्याच्या मनगटावर बोट ठेवले. “आधी एकदा दाखव.”

त्याने दाखवले. ढोल वाजला, पाय टेकला. झग्याची किनार तिनेच खळ घातलेली, कडक, दगडापासून बोटभर वर. ती पुढे वाकून बघत होती, ओठ मिटलेले. तुकडा संपला. सावेरिओने न विचारता पुन्हा लावला, आणि तिने त्याला अडवले नाही.

“डाव्या पायाला घाई झालीय,” ती शेवटी म्हणाली. “कताल्दोनं पाहिलं असतं तर बोलला असता. पूस आता.”

त्याने पुसले. तिने पडद्याजवळ जाऊन, तो खरेच रिकामा झाला का, ते चष्मा लावून पाहिले.

कताल्दो पुढच्याच हिवाळ्यात गेला. मंडळाच्या लोकांनी त्याला रोझिनाच्या शेजारी ठेवले आणि पांतालेओंनी स्वतः कोनाड्याचा दगड बसवून घेतला. वितांजेलाने दगडाच्या चारी कडांवरून बोट फिरवून फट कुठे राहिली का ते पाहिले. मग गवंड्याला म्हणाली, “ठीक आहे,” आणि आम्ही दोघी चालत घरी आलो.